बॉल पायथनची कात तुकड्यांत निघतेय? आधी हात आवरा, मग हवा सुधारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूर, एप्रिलची अखेर. बॉल पायथन (पाळला जाणारा आफ्रिकी अजगर) मादी, वय सव्वा वर्ष, वजन ६५० ग्रॅम. तीन फूट बाय दीड फूट काचेचा टँक, वर जाळीचं झाकण, जाळीवर बल्ब, तळाला वर्तमानपत्र. खोलीत रात्रभर एसी. दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारूनही या वेळी कात फाटून तुकड्यांत निघाली. पाठीवर पट्टे चिकटलेत, शेपटीच्या टोकाला काहीतरी अडकलंय, उजवा डोळा डाव्यापेक्षा निस्तेज दिसतोय. घरचे म्हणतात खोबरेल तेल लावा. लावावं का?

नका लावू. चिकटलेल्या कातीखाली पाणी मुरायला हवं असतं आणि तेल नेमकं तेच अडवतं. शिवाय ते खवल्यांच्या कडांत आणि वरच्या ओठावरच्या उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांत साठतं, त्यावर कचरा बसतो. व्हॅसलिन, ग्लिसरीन, बेबी ऑइल यांचंही तेच. आणि नखाने कात सोलणं तर तेलापेक्षा वाईट.

आज रात्री काय करायचं ते आधी सांगतो, कारण शेपटीला वेळ घालवून चालणार नाही.

डोळे नीट बघा. दोन्ही डोळे निळसर-दुधाळ असतील तर कात अजून सुटायची आहे, तेव्हा सापाला हातच लावायचा नाही. तुमच्या बाबतीत कात निघून गेली आहे, म्हणजे खालची त्वचा तयार आहे. आता मदत करायला हरकत नाही.

एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साप सैल वेटोळं घालून बसेल एवढा. झाकणाला चारपाच भोकं पाडा. दोन जुने सुती पंचे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवून पिळा. पाणी थर्मामीटरनेच मोजा. हाताला कोमट लागणारं पाणी बहुधा ३५ च्या पुढे गेलेलं असतं आणि सापाला ते जास्त होतं. बरोबर तापमानाचं पाणी हाताला ना गरम ना गार असं लागतं. एक पंचा तळाला, दुसरा वर सैल चुरगळून, मधे साप. झाकण क्लिपने बंद करा आणि डबा एसी नसलेल्या खोलीत ४५ मिनिटं ठेवा. खोली ३२ च्या वर असेल तर वेळ निम्मा करा आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघा.

मग तिला बाहेर काढून तिसऱ्या ओल्या फडक्यातून सरकू द्या. फडकं मुठीत सैल धरायचं, तोंड पुढे, आणि ढकलायचं काम तिला करू द्यायचं. कात डोक्याकडून शेपटीकडेच निघते. उलट दिशेने ओढलं तर खवल्याची कड उचलली जाते आणि नवीन त्वचा फाटते. दाब किती, तर पिकलेला टोमॅटो पुसताना देतो तेवढा. दहा मिनिटांत जेवढं निघेल तेवढं खूप. राहिलेलं उद्या, परवा. तिसऱ्या दिवसानंतरही पट्टे तसेच असतील किंवा खाली लालसर दिसलं तर थांबा, ते डॉक्टरांचं काम आहे.

टबात बुडवून ठेवण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. माझ्या मते ती शेवटची. साप घाबरतो, पाण्यातच विष्ठा करतो आणि लक्ष हटलं तर बुडूही शकतो. करायचीच वेळ आली तर पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकं, २० मिनिटं, आणि तेवढा वेळ समोरून हलायचं नाही.

शेपटी भिंगातून बघा. नवीन त्वचा काळसर, ओलसर चमकेची असते. अडकलेली कात तिच्यावर राखाडी कागदाच्या पुंगळीसारखी बसते आणि पुंगळी जिथे संपते तिथे बारीक कड दिसते. अशा दोन-तीन कडा एकाखाली एक दिसल्या तर समजा की आधीच्या कातीही तिथेच राहिल्यात. त्या सुकून आवळतात, टोकाचा रक्तपुरवठा थांबतो, टोक कडक, काळं होऊन गळून पडतं. यावर उपाय सोपा आहे: त्याच तापमानाच्या पाण्यात भिजवलेला कापूस टोकाभोवती १५ मिनिटं धरा आणि मग दोन बोटांत हलकेच वळत टोकाच्या दिशेने सरकवा, वात वळतो तशी. पुंगळी अख्खी सुटून येते. टोक आधीच सुकलं असेल तर वळू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता डोळा. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एकच पारदर्शक खवला असतो आणि तो दर वेळी कातीबरोबर निघायला हवा. तो निघाला की नाही हे सापाकडे बघून नाही, कातीकडे बघून ठरवायचं. टाकलेल्या तुकड्यांतला डोक्याचा भाग शोधा, बशीभर पाण्यात पाच मिनिटं भिजू द्या, काळ्या ताटलीवर बोटांनी अलगद पसरा आणि आडवा टॉर्च मारा. डोळ्याच्या जागी कॉन्टॅक्ट लेन्ससारखी पारदर्शक वाटी दिसली तर तो डोळा मोकळा आहे. तिथे नुसतं गोल भोक असेल तर वाटी डोळ्यावरच राहिली. दोन्ही वाट्या सापडूनही डोळा खळग्यासारखा दबलेला दिसत असेल, तर बहुधा शरीरात पाणी कमी पडतंय. तो पाणी आणि दमट हवा मिळाल्यावर पुन्हा भरतो.

वाटी राहिली असली तरी आज डोळ्याला काहीच करायचं नाही. चिमटा नाही, इअरबड नाही आणि सेलोटेप तर मुळीच नाही. जुन्या वाटीच्या खालीच नवी वाटी असते. घाईत दोन्ही निघाल्या तर बुबुळ उघडं पडतं आणि डोळा जातो. एकच वाटी असेल तर हवेत पुरेसा दमटपणा ठेवा, पुढच्या कातीबरोबर दोन्ही एकदम निघून जाण्याची शक्यता चांगली असते. पुढच्या कातीतही राहिली तर डॉक्टर. ते ती औषधाने मऊ करून, भिंगाखाली, योग्य कोनातून काढतात.

फवारा का उपयोगी पडला नाही

कात सुटण्याची खरी तयारी आतून होते. जुन्या थराखाली नवीन थर पूर्ण तयार होतो, मग दोन्हींच्या मधे द्रव झिरपतो आणि त्यातली विकरं जुन्या थराची पकड सोडवतात. डोळे दुधाळ दिसतात ते याच द्रवामुळे. द्रव पुन्हा शोषला गेला की डोळे स्वच्छ होतात आणि दोन-चार दिवसांत साप नाक-ओठ घासून कात उलटायला लागतो, पायमोजा उलटा काढतो तशी. शरीरात पाणी कमी असलं तर हा द्रवच अपुरा पडतो आणि थर जागोजागी चिकटून राहतात. वरून हवा कोरडी असेल तर सुटलेली कातही कडक होऊन मधेच फाटते. म्हणून फाटलेली कात ही मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या हवेची गोष्ट असते, त्या दिवसाची नव्हे. डोळे दुधाळ झाल्यावर सुरू केलेली धावपळ उशिराची असते.

तुमच्या टँकमध्ये घडलं ते असं. फवारा मारला की दमटपणाचा काटा ८० टक्क्यांच्या वर जातो, मालक निर्धास्त होतो. बल्बने तापलेली हवा धुराड्यातून जावी तशी जाळीतून वर निघून जाते, खालून एसीची कोरडी हवा येते आणि तासाभरात आकडा पुन्हा तळाला. मधल्या वेळात पोट मात्र ओल्या वर्तमानपत्रावर. म्हणजे हवा कोरडी आणि जमीन ओली, बरोबर उलटं झालं.

हा प्राणी आला कुठून ते लक्षात घेतलं की गणित सुटतं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, सेनेगलपासून युगांडापर्यंत. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातून तो व्यापारात आला. बेनिनमधल्या वीदा गावी त्याचं मंदिर आहे आणि तिथे त्याला मारत नाहीत. त्या भागात हिवाळ्यात सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो, विदर्भातल्या एप्रिलसारखाच अंगातलं पाणी ओढून घेणारा. पण साप त्या वाऱ्यात नसतो. तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत असतो, जिथे माती हवा दमट ठेवते. आपल्याला टँकमध्ये ते बीळ उभं करायचंय, पावसाळा नव्हे.

बदल कुठून सुरू करायचे

सगळ्यात आधी मोजमाप. गोल काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारी यंत्रं) काढून टाका. वायर असलेला डिजिटल घ्या आणि आणल्याबरोबर तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून खोलीत १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ६९ आला तर हे यंत्र ६ कमी दाखवतं एवढं लिहून त्याच्या पाठीला चिकटवा. वायरचं टोक थंड बाजूला, म्हणजे बल्बपासून दूर, जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा. जागा महत्त्वाची, कारण हवा गरम झाली की तिचा सापेक्ष दमटपणा आपोआप उतरतो. २५ अंशांना ६० टक्के असलेली तीच हवा ३२ अंशांना जेमतेम ४० टक्के भरते. दोन माणसं एकाच टँकचे दोन आकडे सांगून वाद घालतात ते यामुळेच.

दमटपणा थंड बाजूला रोज ६० ते ६५ टक्के, आणि रंग मळकट दिसू लागल्यापासून कात निघेपर्यंत ७० ते ७५. तापमान गरम बाजूला ३१ ते ३२, थंड बाजूला २५ ते २७. तापमान पडलं तरी कात रखडते, हे विसरलं जातं.

वर्तमानपत्र काढा आणि कोकोपीट घाला. ९० बाय ४५ सेंटीमीटरच्या तळाला सात-आठ सेंटीमीटर थर द्यायला ३० लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे ६५० ग्रॅमच्या चार विटा. नर्सरीतून घेताना त्यात खत किंवा निंबोळी पेंड मिसळलेली नाही याची खात्री करा. नारळाच्या काथ्यात मीठ असू शकतं, म्हणून दोनदा पाण्यात भिजवून पिळून काढा. मग पसरून वरचा थर सुकू द्या. पाणी द्यायचं ते फवाऱ्याने नाही, तांब्याने: एका कोपऱ्यात, काचेच्या कडेने, ४०० ते ५०० मिलिलिटर. ते तळाला उतरतं आणि तिथून हळूहळू वाफ होऊन वर येतं. वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे. बहुधा दर तीन ते पाच दिवसांनी पुन्हा द्यावं लागेल, एप्रिल-मे मध्ये त्याहून लवकर.

जाळीचा तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्याने किंवा ॲल्युमिनियम फॉइलने बाहेरून झाका. दिव्याजवळ कापड किंवा प्लास्टिक टाकू नका. चिकटपट्टी टँकच्या आत कुठेही नको. सापाचं अंग तिला चिकटलं तर कातीपेक्षा मोठं संकट होतं. बल्ब काढून हीट मॅट घेतलीत तर ती बाजूच्या काचेला बाहेरून लावा. कोकोपीटच्या जाड थराखाली ठेवली तर उष्णता वर येत नाही आणि तळाची काच तापत राहते. थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरलेल्या आकड्यावर रोखणारं यंत्र) मॅट लावायची नाही, यात तडजोड नाही. खोलीसाठी निवड असेल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात एसीपेक्षा कूलर बरा, फक्त झोत टँकवर नको.

आता मुख्य वस्तू, दमट लपण. तीन ते पाच लिटरचा स्वयंपाकघरातला अपारदर्शक डबा घ्या. बाजूला, तळापासून पाच-सहा सेंटीमीटर वर, सहा सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडा. तुमच्या सापाला तेवढं पुरेल, मोठ्या सापाला त्याच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट. कडा पॉलिश पेपरने इतक्या घासा की ओला कापूस फिरवल्यावर एकही तंतू अडकणार नाही. आत ऑर्किडसाठी मिळणारं स्फॅग्नम मॉस (सुकवलेलं शेवाळ), अर्धा तास भिजवून, मुठीत घट्ट पिळलेलं. पुन्हा दाबल्यावर थेंब पडला तर अजून पिळा. थर चार-पाच सेंटीमीटर. डबा मधोमध किंवा गरम बाजूच्या कडेला ठेवा, म्हणजे आत २८ ते ३० अंश राहतात. साप स्वतः आत-बाहेर करून हवं तेवढं घेतो, म्हणून सगळा टँक दमट करण्यापेक्षा हा डबा जास्त काम करतो. मॉस दोन आठवड्यांनी बदला, घाण झाली किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी. तुमच्याकडे तो ऑक्टोबर ते जून सतत राहू द्या.

घासायला खरखरीत काहीतरी हवंच. जुन्या घरांवरचं नळीचं कौल उत्तम: खालून लपण, वरून खरखरीत, आणि धुवून भिजवलं की ओलही धरतं. तुटकी कड आधी घासून घ्या. पाण्याचं भांडं जड आणि रुंद, पाणी रोज ताजं.

पुढची कात: दिवस कसे ओळखायचे

या वयात कात साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते, मोठेपणी अंतर वाढतं. आधी रंग मळतो, पोट एकसारखं गुलाबी होतं. मग तीन-चार दिवस डोळे दुधाळ. नंतर डोळे अचानक स्वच्छ होतात आणि बरेच जण समजतात की कात आलीच नाही. इथेच चुका होतात: मॉसचा डबा काढून घेतात, साप हाताळतात, खायला घालतात. खरी कात यानंतर दोन ते चार दिवसांनी. डोळे स्वच्छ झाल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तिथून सात दिवस गेले आणि कात निघाली नाही, तरच ओल्या पंच्यांचा डबा.

मळकट रंगापासून कात पडेपर्यंत हाताळणी बंद. त्याला नीट दिसत नाही, तो बिचकतो, आणि नवीन त्वचा नाजूक असते. बहुतेक साप या दिवसांत खात नाहीत. आग्रह नको, जिवंत उंदीर तर कधीच टाकू नका, तो सापाला चावतो. कात सुरू झाली की तास-दोन तासांत उरकते. तेवढा वेळ खोलीत दिवा मंद ठेवा आणि टँककडे फिरकू नका.

हवा सुधारूनही लागोपाठ दोन काती फाटल्या तर कारण दुसरीकडे आहे. पहिला संशय गोचिडांसारख्या बारीक किड्यांचा. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मोहरीहून बारीक काळे ठिपके, हनुवटीखालच्या घडीत आणि डोळ्याच्या कडेला हालचाल, साप तासन्‌तास भांड्यात बसलेला. ओला पांढरा टिश्यू अंगावरून फिरवला की दिसतात. घरातला झुरळांचा स्प्रे, पावडर, डांबर गोळ्या यांपैकी काही वापरू नका, साप मरतो. जुना भाजल्याचा किंवा चाव्याचा व्रण असेल तर तेवढ्या जागी कात नेहमीच अडकते, तिथे दर वेळी ओलं फडकं लागणार हे धरून चाला. आणि दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा कात आली तर जखम किंवा संसर्ग शोधा.

मुंबई-कोकण-गोव्यातल्या वाचकांनी वरचे आकडे पावसाळ्यात उलटे वाचावेत. जुलैत बाहेरच ८५-९० टक्के असतात. तिथे जाळी उघडी, मॉसचा डबा बाहेर, तांब्याने पाणी बंद. सतत ओलीवर राहिलेल्या पोटाचे खवले तपकिरी-लाल होतात, पाण्याचे फोड येतात. कातीआधीचा गुलाबीपणा पोटभर सारखा असतो, हे डाग सुटे आणि कडा असलेले असतात. तो फरक ओळखायला शिका.

डॉक्टरांकडे जायचं झालं तर विदेशी प्राणी बघणारे पशुवैद्य आधी फोनवर ठरवा, सगळेच साप बघत नाहीत. साप उशीच्या सुती अभ्र्यात, अभ्रा हवेशीर डब्यात, गाडीत एसीचा झोत नको. बरोबर कातीचे सगळे तुकडे झिपच्या पिशवीत, ओल्या टिश्यूसह, आणि तापमान-दमटपणाची मागच्या आठवड्याची नोंद. मालकीची कागदपत्रंही न्या. बॉल पायथन साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्याकडचा अजगर, धामण किंवा नाग यांना हा सल्ला लागू नाही, ते पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. अंगणात दुधाळ डोळ्यांचा साप सुस्त पडलेला दिसला तर तो आंधळा किंवा आजारी असेलच असं नाही, कातीवर आलेला असू शकतो. त्याला भिजवू नका, हात लावू नका, अंतर ठेवा, आणि घरात शिरत असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.